दारातलं पाणी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली ‘सर्व्हेअर’ असं छापलेलं आहे. त्यामुळे लग्नकार्यात तासगाव, कवठेमहांकाळकडचे पाहुणे हमखास बाजूला घेतात आणि विचारतात, “पावणं, आमच्या बांधाचं तेवढं बगा की. शेजाऱ्यानं दोन फूट आत घेतलाय.” मी जमीन मोजत नाही, गाड्या बघतो, हे पटवून देईपर्यंत पंगत उठायला लागते. माझं काम मोटार विम्याचं. गाडी ठोकली, जळाली, बुडाली की विमा कंपनी मला पाठवते. मी बॉनेट उघडायचं, फोटो काढायचे, काय मोडलं, किती मोडलं आणि मुख्य म्हणजे आत्ताच मोडलं की आधीपासूनच मोडलेलं होतं, हे लिहून द्यायचं. सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासचे तालुके एवढा माझा मुलूख.

पेपरात मोटारीच्या जाहिरातीत ‘अमुक सर्व्हेनुसार दर्जात पहिला क्रमांक’ असं वाचलं की भाऊबंदकीच्या नात्यानं मला त्यात नाक खुपसावंसं वाटतं. शब्द एकच असला तरी त्यांचा सर्व्हे आणि माझा सर्व्हे यांचं एकमेकांशी काही जमेल असं मला कधी वाटलं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्याच गाडीवरून हा विषय पुन्हा डोक्यात आला.

गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. घेताना सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगा, असेल तेवीस-चोवीसचा, किल्ली हातात देता देता थबकला. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला.

“काका, एक रिक्वेस्ट होती. दोन-तीन दिवसांत कंपनीतनं फोन येईल. दहापैकी दहा सांगा. नऊ सांगितलं तरी आमच्यात ते नापासच धरतात.”

“आणि ते दारातलं पाणी?”

“काका, ते पावसाळ्यात होतंच.”

दारातल्या पाण्याचं असं की, माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दारात पाऊस साठतो. वळणावर ते आतल्या आत डुचमळतं. काचेच्या कडेनं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं, ते सगळ्याच गाड्यांत उतरतं. ते निघून जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती किती मोठी ठेवायची, त्यांवर रबराची पट्टी बसवायची की नाही, आपल्याकडच्या रस्त्यावरच्या चिखलानं ती किती दिवसांत बुजतील, हे कागदावर गाडी आखणाऱ्यानं ठरवायचं असतं. माझ्या गाडीत ते ठरवताना कोणाचं तरी लक्ष दुसरीकडे होतं. पण शोरूममधून गाडी बाहेर काढली ती डिसेंबरात. पहिले तीन-चार महिने कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे म्हणालो असतो, एक तक्रार नाही.

आणि हे सर्व्हे विचारतात नेमके तेव्हाच. या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अमेरिकेतली जे. डी. पॉवर. त्यांचा गाजलेला दर्जाचा सर्व्हे आहे तो गाडी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांचा. भारतात त्यांनी तो केला तेव्हा दोन ते सहा महिने जुन्या गाडीच्या मालकांना विचारलं. उत्तरांवरून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी असा आकडा काढतात. आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली. नव्वद दिवस म्हणजे आपल्याकडे नंबरप्लेटवरचा हार नुकता उतरलेला असतो. सीटवरचं प्लॅस्टिक तर काहींच्या गाडीत वर्षभर टिकतं.

मार्केट यार्डात एकदा टेम्पोच्या क्लेमसाठी गेलो होतो. शेजारच्या अडतीत हळदीचा सौदा चालला होता. एका व्यापाऱ्यानं पोत्यात हात घालून मूठभर हळकुंडं काढली, त्यातलं एक उचलून मोडलं. टणकन आवाज आला. त्यानं आतला रंग बघितला, वास घेतला आणि मान हलवली. वरून पॉलिश केलेलं हळकुंड सगळंच पिवळंधमक दिसतं. नीट वाळलंय का ते मोडल्याशिवाय कळत नाही. गाडी नव्वद दिवसांत मोडून बघता येत नाही, त्यामुळे तिथे फक्त पॉलिशच तपासलं जातं, असं म्हणायचा मला मोह होतो. पण ते पूर्ण खरं नाही. नव्वद दिवसांत जे बाहेर येतं तेही काही कमी नसतं. सैल राहिलेला बोल्ट, चुकीचं बसलेलं रबर, खडखडणारा डॅशबोर्ड हे कारखान्यातल्या हातांचे दोष. एकाच महिन्यात हजार माणसं तीच खडखड सांगायला लागली की कारखान्याला ऐकावं लागतं. एकट्या माझ्या रिपोर्टानं कोणाचा कारखाना हललेला नाही.

त्या कंपनीची सुरुवातही मला आवडते. डेव्ह पॉवर नावाच्या माणसानं १९६८ साली ती काढली, तीही घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. पुढे काही वर्षांनी माझदाची रोटरी इंजिनाची गाडी अमेरिकेत नवलाईची होती. तिच्या मालकांकडून आलेली उत्तरं मांडताना त्याची बायको ज्युली हिच्या लक्षात आलं की, ३० हजार मैलांच्या पुढे गेलेल्या गाड्यांत इंजिनातली रबरी ओ-रिंग जाते आहे. ही बातमी १९७३ साली अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रात आली आणि कंपनीचं नाव झालं. म्हणजे नाव झालं ते खऱ्याखुऱ्या, लोखंडी बिघाडाच्या शोधानं, आणि तो सापडला पळून पळून जुन्या झालेल्या गाड्यांत. नव्वद दिवसांवर ती रिंग शाबूतच असणार होती.

त्यांचा दुसरा सर्व्हे तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांचा आहे, त्याला मी जास्त मानतो. फक्त तिथे एक मेख आहे. गाडीचा पहिला मालकच विचारात घेतात. जो वैतागून दोन वर्षांत गाडी विकून मोकळा झाला, तो यादीतून बाहेर. सोडून गेलेल्या सुनेला सासरचं कसं होतं, ते कोणी विचारत नाही.

आमच्या अण्णांकडे प्रीमियर पद्मिनी होती. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढच्या सलग सीटवर अण्णा, आई आणि मी. उन्हाळ्यात पुण्याला जायचं म्हणजे खंबाटकीत ती हमखास दम सोडायची. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरायची. अण्णा शांतपणे बाजूला घ्यायचे, बॉनेट वर करायचे, टॉवेल पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचे आणि कठड्यावर बसून पान लावायचे. अर्ध्या तासानं गाडी सुरू. त्या टॉवेलची जागा डिकीत कायमची ठरलेली होती, स्टेपनीच्या शेजारी. शेवटपर्यंत अण्णा सगळ्यांना सांगत, “या गाडीनं कधी दगा दिला नाही.” आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबात घाटात अर्धा तास थांबणं हा प्रवासाचा भाग होता, बिघाड नव्हता.

माझ्या पुतणीनं परवा नवी गाडी घेतली. ती म्हणते, “काका, फार प्रॉब्लेम आहे गाडीत.” काय? तर मोबाइल कधीकधी पटकन जोडला जात नाही. तिचंही खोटं नाही. तिला बँकेत जाता-येता तासभर तेच लागतं. पण तक्रारी मोजताना ती एक आणि घाटात बंद पडलेलं इंजिन एक. मोजणाऱ्याच्या खात्यात दोन्हींचं वजन सारखं. अण्णांना फोन गेला असता तर पद्मिनीला शून्य तक्रारी मिळाल्या असत्या. जो आकडा आपण गाडीचा समजतो, त्यात निम्मा माणूस असतो. त्याची आधीची गाडी कुठली होती, त्यानं काय ऐकून ही घेतली, कर्जाचे हप्ते किती, सगळं.

अमेरिकेत २००३ साली हमर नावाची ती रणगाड्यासारखी गाडी जे. डी. पॉवरच्या नव्वद दिवसांच्या यादीत तळाला गेली. मालकांची मोठी तक्रार होती की पेट्रोल फार पिते. हत्ती पाळायचा आणि वैरणीचं बिल आलं की बोंब मारायची, त्यातला प्रकार. आपल्याकडे तर नवी गाडी दारात आली की नारळ फुटायच्या आत शेजारी विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” इथे तोच एक रकाना ठेवला तरी सर्व्हे पुरा होईल.

बिघाड वेगळा आणि आखणीतला दोष वेगळा, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. २००६ साली त्यांनी प्रश्नावली बदलून दोन खाती केली. एकात मोडलं-तुटलं ते, दुसऱ्यात डिझाइनचं. त्या वर्षी बीएमडब्ल्यूची गंमत झाली. मोडतोडीत ती वरच्या रांगेत होती, पण एकाच गोल बटणावर सगळी गाडी चालवायची त्यांची ती आयड्राइव्ह नावाची भानगड लोकांना उमजेना, आणि एकूण क्रमवारीत ती खाली घसरली. फोर्ड २०१० ला पाचवी होती, २०११ ला तेविसावी झाली. कारणं मुख्यतः दोन, टचस्क्रीन आणि नवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एका वर्षात कारखान्यातले कामगार काही आळशी झाले नव्हते. आणि २०१९ साली सगळ्या गाड्यांची सरासरी शंभरामागे ९३ तक्रारी होती, ती २०२० ला १६६ झाली. गाड्या एका वर्षात इतक्या बिघडल्या का? नाही. त्या वर्षी प्रश्नपत्रिका नव्यानं काढली, प्रश्न वाढले, पडद्यांबद्दल आणि सेन्सरबद्दल जास्त विचारलं. पेपर अवघड काढला म्हणून निकाल घसरला, एवढंच.

पण मला खुपतं ते वेगळंच. डिझाइन म्हणजे बटण कुठे आहे एवढंच आहे का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, शामरावनगर, सगळीकडे पाणी. उतरलं तेव्हा माझ्या फोनवर एका दिवसात जेवढे क्लेम आले, तेवढे एरवी दोन महिन्यांत येत नाहीत. बुडालेल्या गाडीचं दार उघडलं की जो वास येतो तो मला अजून कधी स्वप्नात येतो: गाळ, डिझेल आणि कुजलेलं धान्य एकत्र. सीटवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्यावर टेप लावून उंची मोजायची. मग डिपस्टिक ओढायची. ऑइल काळं किंवा तपकिरी निघालं तर ठीक. दुधाच्या चहासारखं निघालं की आत पाणी गेलं.

गावभागातल्या एका बोळात दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, साधारण एकाच किमतीच्या, दोन्ही वर्षाच्या आतल्या. पाण्याची रेघ दोन्हींत सीटच्या गादीपर्यंत, बोटभराचाही फरक नाही. एकीचं कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, पुढच्या सीटखाली बसवलेलं होतं, दुसरीचं इंजिनाच्या मागे, वरच्या अंगाला. पहिलीचं युनिट गेलं, त्याला जोडलेला वायरिंगचा पूर्ण झुपका गेला, खर्च मांडत गेलो तर विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे आमच्या भाषेत टोटल लॉस. दुसरीच्या सीटा काढल्या, गालिचे उन्हात वाळवले, ऑइल दोनदा बदललं, आणि बाराव्या दिवशी तिचा मालक तीतून दूध आणायला गेला.

पहिल्या गाडीचे मालक निवृत्त शिक्षक. बोळाच्या तोंडाशी उभे राहून मला सांगत होते, “साहेब, आठ महिन्यांत एक रुपयाचा प्रॉब्लेम नाही हो आला.” मी मान हलवली. खरंच नव्हता आला. त्यांना सर्व्हेचा फोन आला असता तर त्यांनी तेच सांगितलं असतं आणि तेही खरंच असतं.

कुठल्या तरी दूरच्या ऑफिसात एका इंजिनिअरनं वायर फूटभर आखूड पडावी म्हणून तो डबा सीटखाली ढकलला असेल. मला ते डिझाइन वाटतं. एअर फिल्टरचं तोंड किती उंचीवर ठेवलंय, हेही डिझाइन. ते खाली असलं तर गुडघाभर पाण्यातही इंजिन पाणी ओढतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात दाब जास्त, तिथे तर काडी वाकावी तसा वाकतो. पाण्यात इंजिन सुरू करून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्यामुळे प्रत्येक मालक शपथेवर सांगतो, “मी स्टार्टर मारलाच नाही.” मी वाद घालत नाही. इंजिन उघडायला लावतो आणि वाकलेला रॉड टेबलावर ठेवतो. मग चहा येतो आणि आम्ही दोघंही गप्प चहा पितो. त्या शांततेत मला कित्येकदा वाटलंय की, खरा दोषी या टेबलावर नाहीच. फिल्टरचं तोंड चार बोटं वर असतं तर हा माणूस आज माझ्यासमोर खोटं बोलायला बसलाच नसता.

असल्या गोष्टी सर्व्हेत कुठे येणार? आणि चांगल्या डिझाइनचं तर फारच अवघड आहे. ते काही घडू देत नाही, आणि न घडलेल्याची तक्रारही नसते, कौतुकही नसतं. दुसऱ्या गाडीचा मालक अजूनही आपल्या गाडीला नावं ठेवतो. म्हणतो, हॉर्न फार बारीक आहे.

मिरज रस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रींना मी हे सांगितलं, तर त्यांनी सर्व्हेच्या नावानं हातच झटकला. “घेणाऱ्याला काय इचारताय साहेब? आमास्नी इचारा. ही बगा,” म्हणून त्यांनी एका गाडीचा उतरवलेला बंपर दाखवला. “हेडलाइटचा बलब बदलायचाय. दीडशे रुपयांचा बलब, आन त्येच्यासाटी आक्का बंपर काडायचा. जेनं ही गाडी काडली, त्येला यकदा हितं आणून बलब बदलायला लावा.”

बोलणं बिनतोड. पण त्यांच्याही मताला मी डोळे मिटून मान देत नाही. त्यांना एक कंपनी अजिबात आवडत नाही, का तर “सारख्या येत्यात.” त्या सारख्या येतात, कारण सांगलीत दर चार गाड्यांमागे दोन त्याच आहेत. मिस्त्रींना अंश दिसतो, छेद दिसत नाही. माझंही तेच. माझ्यासमोर येणारी प्रत्येक गाडी मोडलेली असते. जी वीस वर्षं धड चालली, तिची आणि माझी गाठ पडलेलीच नाही. आणि आमचा मापाचा तक्ता तरी कुठे फार न्यायाचा आहे? साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांना ५० टक्के घसारा. बंपर चार महिन्यांचा असो की चार वर्षांचा, निम्मे पैसे कापायचे. बंपर बदलायला आलेला माणूस मला विचारतो, हा कुठला हिशेब? मी म्हणतो, सगळ्यांना सारखा आहे. याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

जर्मनीत मालकाला न विचारताही गाडी जोखतात. तिथे टीयूव्हीची सक्तीची तपासणी असते, त्यात सापडलेल्या दोषांची दर वर्षी मॉडेलवार यादी निघते. एडीएसी ही मोटारवाल्यांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करते आणि त्याची आकडेवारी छापते. त्यात सगळ्यात जास्त वेळा काय निघतं, तर साधी १२ व्होल्टची बॅटरी. इतकी अक्कल लढवून बांधलेल्या गाड्या, आणि उभ्या राहतात त्या बॅटरीपायी. अमेरिकेतलं कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासूनचं, जाहिरात घेत नाही, तपासायच्या गाड्या स्वतः पैसे मोजून घेतं. पण तेही मध्यंतरी टोयोटाचं नवं मॉडेल आलं की आधीच्या पुण्याईवर शिफारस करत होतं; २००७ ला काही मॉडेल घसरली तेव्हा त्यांनी ते बंद केलं. घराणं बघून मुलगा पसंत करायची खोड तिकडेही आहे. जे. डी. पॉवरचं तर गिऱ्हाईकच मोटार कंपन्या. सविस्तर आकडे त्याच विकत घेतात, आणि बक्षीस मिरवायचं, म्हणजे जाहिरातीत नाव वापरायचं, तर त्याचेही पैसे मोजतात. म्हणून निकाल खोटा, असं मी म्हणणार नाही. मलाही पैसे विमा कंपनीच देते, आणि मी रॉड सरळ असताना वाकडा लिहीत नाही. पण जाहिरातीतल्या त्या सोनेरी पदकाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी चष्मा लावून वाचतो: कुठल्या गटात पहिली, किती गाड्यांत पहिली. त्या गटात मुळात तीनच गाड्या असतात असंही मी पाहिलंय.

मला गाडी घ्यायचा सल्ला विचारणारे बरेच. मी सांगतो, तीन वर्षांच्या सर्व्हेचा आकडा बघा, पण पाच-दहा आकड्यांच्या फरकानं मत बनवू नका. मग ज्या मॉडेलची पाच वर्षं झालेली गाडी शेजारी कोणाकडे असेल त्यांच्याकडे जा, तीही पावसाळ्यात. सुटे भाग सांगलीत मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात, ते विचारा. लोक सगळं ऐकून घेतात आणि मेहुण्यानं सांगितलेली गाडी घेतात.

तर तो फोन. तिसऱ्या दिवशी आला. मी मिस्त्रींकडेच होतो. मागचं डावं दार उघडं टाकून ते खाली उकिडवे बसलेले, हातात सायकलच्या ब्रेकची जुनी तार. फोनवरची मुलगी आधी हिंदीत बोलली, मग मी मराठीत बोलतोय बघून तिनेही मराठी सुरू केलं. आवाजावरून माझ्या पुतणीच्याच वयाची.

“सर, आमच्या प्रतिनिधीचं वागणं कसं होतं?”

“चांगलं.”

“गाडी वेळेवर मिळाली?”

“हो.”

“मागच्या डाव्या दारात पाणी साठतं,” मी मध्येच म्हणालो. “भोकं बारीक आहेत. मुळातच बारीक ठेवलीत. हे कंपनीपर्यंत जाईल का?”

पलीकडे की-बोर्डचा आवाज थांबला. “सर, त्याला इथे ऑप्शन नाहीये. गाडी धुऊन दिली होती का?”

“धुऊन दिली होती.”

“एकूण दहापैकी किती मार्क द्याल, सर?”

मिस्त्रींनी तार आत घालून एकदा फिरवली. दाराखालून गढूळ पाण्याची धार लागली. त्यांनी घाईनं पाय बाजूला घेतला आणि हसत माझ्याकडे वर बघितलं. धार बराच वेळ चालू राहिली, तांब्याभर तरी असेल. मला तो किल्ली देणारा पोरगा आठवला.

“दहा,” मी म्हणालो.